कुलपांचे गाव आणि डाळिंबाचे झाड

अलीगढ म्हटले की आपल्याकडच्या माणसाला कुलूप आठवते आणि मग मुस्लिम युनिव्हर्सिटी. यांपैकी कुलूप निदान प्रत्येकाच्या घरी असते. युनिव्हर्सिटीबद्दल मात्र वर्तमानपत्रात काही गडबडीची बातमी आली तरच आपण बोलतो. तिथे मराठी शिकवतात असे मी सांगू लागलो की स्टाफरूममधले सहकारी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे पाहतात. पण ते खरे आहे. तिथल्या आधुनिक भारतीय भाषांच्या विभागात तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली, पंजाबी, काश्मिरी यांच्या पंगतीला मराठीचेही पान मांडलेले आहे. त्या पानाच्या निमित्तानेच, म्हणजे एका तोंडी परीक्षेसाठी, गेल्या डिसेंबरात माझे तिकडे जाणे झाले.

गाडी धुक्यामुळे चार तास उशिरा पोचली. उत्तरेचे धुके ज्याने पाहिले नाही त्याला ते सांगून कळायचे नाही. स्टेशनाबाहेर बॅटरीवरच्या रिक्षा एकामागून एक दुधात बुडवल्यासारख्या उभ्या होत्या. परीक्षेचे काम दीड दिवसात आटोपले. काश्मीरकडची एक मुलगी 'बाळ' हा शब्द इतक्या निगुतीने उच्चारत होती, की आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना मी तिच्याकडे शिकवणीला पाठवले असते. तिने मला विचारले, "सर, मराठीत मुसलमान समाजाबद्दल कुणी लिहिले आहे का?" मी हमीद दलवाईंचे नाव सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले. या नावाकडे मी पुढे येणारच आहे.

हातात दोन दिवस मोकळे होते. इतिहास शिकवणारे एक तरुण प्राध्यापक मला युनिव्हर्सिटी दाखवायला बरोबर आले. व्हिक्टोरिया गेटवरचे घड्याळ, स्ट्रॅची हॉल, लाल विटांच्या कमानी, त्या कमानींखालून काळ्या शेरवानीत चाललेली मुले हे सारे पाहताना केंब्रिजची नक्कल केल्यासारखे वाटते, आणि ती नक्कल हेतुपुरस्सर आहे. मात्र तिच्या मध्यभागी जामा मशीद आहे, आणि मशिदीच्या आवारात ज्याने हा सगळा व्याप मांडला तो माणूस पुरलेला आहे.

सय्यद अहमद खान १८१७ साली दिल्लीत जन्मले. घराणे मोगल दरबाराशी संबंधित; नोकरी मात्र कंपनी सरकारच्या न्यायखात्यातली. दिल्लीच्या पडक्या इमारतींवर त्यांनी १८४७ साली 'आसारुस्सनादीद' हा ग्रंथ लिहिला. हे आयुष्य शांतपणे पेन्शनीपर्यंत गेले असते. पण १८५७ आले. त्या वेळी ते बिजनोरला होते. तिथल्या इंग्रज कुटुंबांचे प्राण त्यांनी वाचवले. आणि इकडे दिल्लीत इंग्रज फौजेने शहर घेतल्यावर त्यांची म्हातारी आई हालअपेष्टांत सापडली व थोड्याच दिवसांत मीरतला वारली. ज्यांच्यासाठी जीव धोक्यात घातला त्यांच्याच तोफांनी आपले घर मोडले, हे ज्याच्या वाट्याला येते तो एकतर कडवा होतो किंवा विचार करू लागतो. सय्यद अहमदांनी बंडाच्या कारणांवर पुस्तक लिहिले आणि इंग्रजांना त्यांच्या चुका ऐकवल्या. मग आपल्या समाजाकडे तोंड वळवले.

१८६९ साली ते मुलांना घेऊन इंग्लंडला गेले. सर विल्यम म्यूर यांनी पैगंबरांच्या चरित्रात जे आक्षेप घेतले होते त्यांना उत्तर लिहिणे हा एक हेतू. तिथली कॉलेजे डोळ्यांनी पाहणे हा दुसरा. परत आल्यावर १८७० च्या डिसेंबरात त्यांनी 'तहजीबुल अखलाक' नावाचे मासिक काढले. मराठीच्या प्राध्यापकाला इथे थांबावेसे वाटणे साहजिक आहे. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून निघाली, चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ ची. या दोहोंच्या मधोमध उर्दू गद्याचा हा प्रपंच सुरू झाला. तोपर्यंतचे उर्दू गद्य यमक-अनुप्रासांच्या झालरी लावून मिरवत असे. सय्यद अहमदांनी त्या झालरी कापल्या आणि खुशामत, रिकामपण, जेवणाच्या रीती, अंधश्रद्धा अशा विषयांवर सरळ बोलायला सुरुवात केली. लोकहितवादीही न्यायखात्यातलेच आणि सरकारी चाकरीत राहून स्वजनांवर आसूड ओढणारे. दोघांची कधी भेट झाली असती तर काय बहार झाली असती!

सय्यद अहमद नुसत्या रीतीभातींवर थांबले असते तर फारसे बिघडले नसते. त्यांनी कुराणावर भाष्य लिहायला घेतले. ईश्वराचे वचन आणि ईश्वराची करणी, म्हणजे कुराण आणि सृष्टी, यांत विरोध असूच शकत नाही. तेव्हा जिथे विरोध दिसतो तिथे वचनाचा अर्थ पुन्हा लावला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. या एका सूत्राने चमत्कारांचा बराच बाजार उठतो. मौलवी खवळले. त्यांना व त्यांच्या अनुयायांना 'नेचरी' असे नाव पडले, म्हणजे निसर्गाला देव मानणारे. काफिर ठरवणारे फतवे निघाले. एक तर थेट मक्केहून आणवला गेला. शिव्या एकट्या सनातन्यांच्याच होत्या असेही नाही. इंग्रजांविरुद्ध मुसलमान देश एक व्हावेत म्हणून जग पालथे घालणारे जमालुद्दीन अफगाणी तेव्हा निजामाच्या हैदराबादेत होते. त्यांनीही या 'नेचऱ्यां'विरुद्ध पुस्तक लिहिले. पुढे अफगाणींचेच शिष्य मुहम्मद अब्दुह इजिप्तचे मुफ्ती झाले आणि धर्म व बुद्धी यांचे नाते जोडण्याचा मिळताजुळता खटाटोप त्यांनी कैरोत केला. गुरूने अलीगढला झोडपावे आणि शिष्याने कैरोत जवळपास त्याच वाटेने जावे, ही या इतिहासातली मला फार आवडणारी गंमत.

कॉलेजसाठी पैसा हवा होता. या गृहस्थाने लॉटरी काढली, तेव्हाही धर्मबुडवेपणाचा आरोप झाला. जत्रेत पुस्तकांचे दुकान मांडले, पांढरी दाढी घेऊन स्टेजवर उभे राहून गजला म्हटल्या. हिंदू राजेरजवाड्यांनीही देणग्या दिल्या. १८७५ च्या मे महिन्यात शाळा सुरू झाली आणि ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली. या कॉलेजचा पहिला पदवीधर ईश्वरी प्रसाद नावाचा हिंदू विद्यार्थी होता, हे तिथले लोक आवर्जून सांगतात.

आणि इथेच मला ती गोष्ट कळली जी मी आजवर कुठल्या पुस्तकात इतकी ठळक वाचली नव्हती. मशिदीच्या पायऱ्यांवर बसून मी सहज विचारले, "मग सय्यद अहमदांचे ते कुराणभाष्य इथे वर्गात शिकवीत असत?"

प्राध्यापक हसले. "कधीच नाही, सर. त्यांनी लोकांना वचनच दिले होते की, माझी धर्मविषयक मते कॉलेजात शिकवली जाणार नाहीत. धर्मशिक्षण सनातनी मौलवींच्या हाती राहील."

हा सौदा होता. मते घरी ठेवतो, मुले कॉलेजात पाठवा. सौदा पटला, मुले आली, त्यांच्यातून कलेक्टर, वकील, क्रिकेटपटू, कवी निपजले. आणि ज्या विचारासाठी हा माणूस काफिर ठरला तो विचार त्याच्याच कॉलेजच्या फाटकाबाहेर राहिला. आपण मराठी माणसांनी यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. पंचहौद मिशनमधल्या चहापायी न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले तेव्हा त्यांच्या मित्रांना झालेले दुःख आपल्या वाचनात आहे. समाजाला बरोबर न्यायचे तर त्याच्या चालीने चालावे लागते, हा रानड्यांचा युक्तिवाद होता. सय्यद अहमदांचाही थोडाफार तोच. फरक एवढाच की रानड्यांना लगेच आगरकर भेटले. अलीगढला तसा कोणी भेटायला फार वर्षे लागली.

मुलींच्या शाळांना सय्यद अहमदांचा पाठिंबा नव्हता. आधी पुरुष शिकू देत, विद्या मग आपोआप माजघरात जाईल असे त्यांचे मत. १८९८ साली ते वारले. पुढे १९०६ मध्ये शेख अब्दुल्ला नावाच्या वकिलाने व त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी अलीगढात मुलींची शाळा काढली. हे अब्दुल्ला जन्माने पूंछकडचे काश्मिरी ब्राह्मण. अलीगढच्या मुली त्यांना 'पापा मियाँ' म्हणत. त्यांची मुलगी रशीद जहाँ डॉक्टर झाली आणि १९३२ साली निघालेल्या 'अंगारे' या कथासंग्रहातल्या चार लेखकांपैकी एकटी स्त्री म्हणून तिच्या नावाने गावोगाव बोटे मोडली गेली. सरकारने ते पुस्तक १९३३ मध्ये जप्त केले. कॉलेजची १९२० साली युनिव्हर्सिटी झाली तेव्हा पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या. पहिल्या महिला कुलगुरू नेमल्या गेल्या त्या मात्र २०२४ मध्ये. मधल्या शंभर वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दलवाईंचे नाव मला इथे आठवते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस, 'इंधन' लिहिणारा कादंबरीकार. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांना घेऊन तो मुंबईत विधानभवनावर गेला आणि तोंडी तलाक बंद करा म्हणाला. १९७० साली त्याने पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. अलीगढने जो प्रश्न फाटकाबाहेर ठेवला तो दलवाईंनी रस्त्यावर मांडला, दगडही खाल्ले. १९७७ मध्ये, पंचेचाळिशीही गाठली नसताना, ते गेले. तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २०१७ मध्ये.

राजकारणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १८८७ साली मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच महिन्यात सय्यद अहमदांनी लखनौला काँग्रेसविरुद्ध भाषण केले. बहुसंख्यांच्या राज्यात आपले काय होईल ही त्यांची धास्ती. साठ वर्षांनी त्या धास्तीचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पाकिस्तानच्या चळवळीला अलीगढच्या विद्यार्थ्यांनी हिरिरीने साथ दिली. सूटबूट, क्रिकेट, शेक्सपिअर, आणि त्यातून फाळणी. मग पागोटे आणि दाढीवाले त्या वेळी कुठे होते?

त्याचे उत्तर शोधायला मी दुसऱ्या दिवशी पहाटे दिल्लीमार्गे देवबंदला निघालो. देवबंद दिल्लीच्या उत्तरेला, सहारनपूर जिल्ह्यात. मीरत सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. गुऱ्हाळांच्या धुराने डब्यात कोल्हापूरचा वास भरला आणि मला एकदम घरच्यासारखे वाटू लागले.

गाव अगदी लहान. बोळांत पुस्तकांची दुकाने, अत्तराची, टोप्यांची, आणि मधूनमधून चहाची. हजारो मुले पांढऱ्या कपड्यांत, बगलेत जाडजूड ग्रंथ घेऊन लगबगीने चाललेली. एका वयस्क मौलवीसाहेबांच्या नावाने चिठ्ठी आणली होती. "मराठी के प्रोफेसर?" त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग आधी चहा पाजला.

छत्ता मशीद म्हणून एक लहानशी जुनी मशीद आहे. ३० मे १८६६ रोजी तिच्या अंगणात, डाळिंबाच्या झाडाखाली, एक गुरू व एक शिष्य बसले आणि दारुल उलूम सुरू झाले. गुरूचे नाव महमूद, शिष्याचेही महमूद. यामागचे मुख्य पुरुष मौलाना कासिम नानौतवी. हेही १८५७ चेच होरपळलेले. दिल्ली कॉलेजातल्या मौलाना ममलूक अलींचे ते शिष्य, आणि पोटासाठी छापखान्यांत मुद्रिते तपासत. (मुद्रिते तपासणाऱ्या विद्वानाबद्दल मला जन्मजात आपुलकी आहे.) राज्य गेले, आता निदान विद्या राखू, हा त्यांचा निश्चय. त्यांनी आठ नियम घालून दिले. त्यांतला गाभा असा, की संस्थेला कायमचे उत्पन्न नसावे. सरकारची आणि बड्या धनिकांची भागीदारी नको. गोरगरिबांच्या वर्गणीवर भिस्त ठेवावी. पक्के उत्पन्न आले की ईश्वरावरची नजर उडते आणि आपसात भांडणे लागतात. आमच्या शिक्षणसंस्थांच्या चालकांनी हा नियम चौकटीत लावून भिंतीवर टांगायला हरकत नाही.

नऊ दारांची म्हणून 'नौदरा' नावाची जुनी इमारत पाहिली. एका दालनाच्या दारात उभे राहून हदीसचा पाठ ऐकला. शेकडो मुले मांडी घालून बसली होती. एक मुलगा अरबी मजकूर वाचत होता, गुरुजी मध्येच थांबवून एखाद्या शब्दावर बोलत. वाईला प्राज्ञपाठशाळेच्या वास्तूत मी एकदा तासभर बसलो होतो. तोच संथपणा, तीच शब्दाला धरून बसण्याची चिकाटी. त्या पाठशाळेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी निघाले. तेव्हा जुन्या विद्येच्या घरातून नेहमी जुनाच माणूस निघतो असे म्हणवत नाही.

मौलवीसाहेब बोलता बोलता सांगू लागले की, त्यापूर्वी मदरसा म्हणजे एखाद्या आलिमाचे घर. गुरू गेला की मदरसा संपला. देवबंदने इयत्ता लावल्या, ठरलेला अभ्यासक्रम केला, वार्षिक परीक्षा घेतल्या, दरवर्षी अहवाल छापून वर्गणीदारांची नावे प्रसिद्ध केली. टपाल आणि आगगाडी यांच्या जोरावर दूरदूरच्या गावांतून पैसे आणि मुले येऊ लागली. मी ऐकतच राहिलो. हा साचा इंग्रजी कॉलेजचा! इंग्रजांचा पैसा न शिवणाऱ्यांनी त्यांची घडी उचलली होती, आणि इंग्रजांसारखे कॉलेज बांधणाऱ्यांनी धर्म देवबंदच्या हवाली केला होता. हे मी म्हणालो तेव्हा मौलवीसाहेबांनी त्याला पुस्तीच जोडली. अलीगढ कॉलेजात धर्मशिक्षणाचे पहिले प्रमुख झाले ते मौलाना अब्दुल्ला अन्सारी, देवबंदचेच विद्यार्थी आणि कासिम नानौतवींचे जावई. १८८० साली नानौतवी वारले तेव्हा सय्यद अहमदांनी अलीगढच्या गॅझेटात त्यांच्यावर लेख लिहिला. मतभेद होते ते मान्य करून, अशा निःस्पृह माणसाची जागा भरून निघणे कठीण, अशा आशयाचा. "आज असे कोण लिहितो?" मौलवीसाहेब म्हणाले.

आता पागोट्यांची गोष्ट. डाळिंबाखालचा तो पहिला शिष्य, महमूद हसन, पुढे देवबंदचा प्रमुख झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्रजांविरुद्ध कट केला. पिवळ्या रेशमावर लिहिलेली पत्रे पकडली गेली. त्यांचे शिष्य उबेदुल्ला सिंधी, जन्माने शीख घरातले, काबूलला पोचले होते. तिथे १९१५ च्या डिसेंबरात हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापन झाले, त्याचे अध्यक्ष राजा महेंद्र प्रताप, अलीगढ कॉलेजचे हिंदू विद्यार्थी. महमूद हसन यांना इंग्रजांनी माल्टा बेटावर डांबले. १९२० च्या जूनमध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले तेव्हा शरीर खिळखिळे झाले होते. तरीही त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला ते अलीगढला गेले. सरकारी मदत नाकारा म्हणून कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांसमोर, सय्यद अहमदांच्या कबरीशेजारच्या त्याच मशिदीत, जामिया मिलियाची स्थापना झाली. त्यांना बोलवत नव्हते. भाषण त्यांच्या शिष्याने, शब्बीर अहमद उस्मानी यांनी, वाचून दाखवले. महिन्याभरात, ३० नोव्हेंबरला, ते गेले. जामियाची पाच वर्षे अलीगढात राहुट्यांत आणि भाड्याच्या घरांत गेली, मग ती दिल्लीला गेली. तिला जगवणारे डॉ. झाकीर हुसेन पुढे अलीगढचे कुलगुरू आणि देशाचे राष्ट्रपती झाले.

त्यांच्याबरोबर माल्टाला स्वखुशीने गेलेले हुसेन अहमद मदनी. १९२१ मध्ये इंग्रजी फौजेत नोकरी करणे धर्मबाह्य आहे या ठरावाबद्दल कराचीत खटला झाला, त्यात अलीबंधूंबरोबर ते आरोपी होते. आणि त्याच पिंजऱ्यात शारदापीठाचे शंकराचार्यही होते! शंकराचार्य सुटले, मदनींना दोन वर्षे सक्तमजुरी. राष्ट्र हे मायभूमीने घडते, धर्माने नव्हे, असे १९३८ साली मदनींनी जाहीर सांगितले आणि त्यापायी लीगवाल्यांचे अपमान सोसले. फाळणीला त्यांचा अखेरपर्यंत विरोध राहिला. अर्थात सगळे देवबंदी त्यांच्यासारखे नव्हते; अलीगढला भाषण वाचणारे ते उस्मानीच पुढे पाकिस्तानच्या बाजूला गेले.

हे ऐकून मान लवते. पण मग मी मौलवीसाहेबांना मुलींबद्दल विचारले, तलाकबद्दल विचारले, आणि आमच्या संभाषणाला धुके चढले. देशाबद्दल इतके मोकळे मन, आणि घरातल्या स्त्रीबद्दल तीच जुनी कलमे. सरहद्दीपलीकडे याच परंपरेच्या नावाने तालिबान उभे राहिले, तेही त्यांनी नाकारले नाही. "आम्ही २००८ साली इथे हजारो उलेमा जमवून दहशतवादाचा निषेध केला," ते म्हणाले. तो केला होता, हे खरे. मी दलवाईंचे नाव काढले. त्यांनी ते ऐकलेले नव्हते. सांगितल्यावर शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे येऊन बोलले असते तर बरे झाले असते." दलवाई आले असते तर चहा नक्की मिळाला असता. त्यापुढचे मला सांगवत नाही.

कासमी कब्रस्तानात नानौतवी, महमूद हसन, मदनी यांच्या साध्या मातीच्या कबरी आहेत. ते पाहून निघालो तेव्हा स्टेशनपर्यंत पोचवायला मौलवीसाहेबांनी एक मुलगा दिला. गल्ली ओलांडताच तो मराठीत म्हणाला, "सर, मी रत्नागिरीकडचा." आठ वर्षे देवबंदला, वडिलांना वाटते गावच्या मशिदीत इमाम व्हावे, याला वकील व्हायचे आहे. मदरशांतून आलेल्या मुलांसाठी अलीगढला २०१३ पासून एक वर्षाचा ब्रिज कोर्स आहे, त्यातून पुढे बी.ए., एलएल.बी. करता येते. त्याची त्याला खडान्‌खडा माहिती होती. इंग्रजीचे पुस्तक त्याने हदीसच्या ग्रंथाखाली धरले होते.

"सर, तिथे प्रवेशाच्या वेळी सर सय्यदांबद्दल विचारले तर काय सांगायचे? इथे त्यांच्याबद्दल फार काही सांगत नाहीत."

गाडीला सव्वा तास उशीर असल्याचे फळ्यावर लिहिले होते. फलाटावर उसाच्या मोळ्यांवर आम्ही दोघे बसलो, आणि मी बिजनोरपासून सुरुवात केली.